समाजकार्याचे दोन वर्ग : स्टेलेनबॉश आणि जोहान्सबर्ग

१/ १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश विद्यापीठात समाजशास्त्र आणि समाजकार्य शिकवणारे एक प्राध्यापक होते : हेंड्रिक फेरवूर्ड. होय, वर्णभेदी राज्यव्यवस्थेचे शिल्पकार, पुढे १९५८ मध्ये पंतप्रधान झालेले, तेच हे.

२/ यात विसंगती वाटेल. पण त्या काळाचा प्रश्नच तसा मांडला गेला होता. १९३२ च्या कार्नेगी आयोगाने ‘गरीब गोऱ्यां’वर पाच खंडांचा अहवाल दिला. समाजकार्याच्या शिक्षणाला त्यातून बळ मिळाले. बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे दारिद्र्य मात्र त्या चौकटीबाहेरच राहिले.

३/ १९४१ मध्ये जोहान्सबर्गला जान हॉफमेयर स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. कृष्णवर्णीय समाजकार्यकर्ते घडवणारी ही देशातील पहिली संस्था. प्रमुख होते अमेरिकन बोर्डाचे मिशनरी रे फिलिप्स.

४/ मुंबईशी एक साम्य येथे दिसते. नागपाड्यात नेबरहूड हाउस उभारणारे आणि १९३६ मध्ये आजच्या ‘टिस’चे पहिले संचालक झालेले क्लिफर्ड मॅनशार्ट हेही अमेरिकन बोर्डाचेच मिशनरी.

५/ फिलिप्स यांचा हेतू क्रांतीचा मुळीच नव्हता. खाणकामगारांच्या वसाहतींत ते चित्रपट दाखवीत. फावला वेळ सत्कारणी लागला, तर असंतोष शमेल, ही त्यांची श्रद्धा होती.

६/ घडले उलटेच. झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोशुआ न्कोमो येथेच शिकले. मोझांबिकच्या ‘फ्रेलिमो’चे पहिले अध्यक्ष एडुआर्दो मोंडलाने काही काळ येथेच विद्यार्थी होते. एलन कुझवायो आणि विनी मादिकिझेला याही येथल्याच.

७/ विनी (पुढे मंडेला) बाराग्वनाथ रुग्णालयातील पहिल्या कृष्णवर्णीय वैद्यकीय समाजकार्यकर्त्या झाल्या. अलेक्झांड्रा वस्तीतील बालमृत्यूंचा अभ्यास करताना त्यांच्या राजकीय जाणिवेला धार आली. घरोघरी जाऊन माहिती घेणाऱ्याला मृत्यूमागची व्यवस्थाही दिसू लागते.

८/ वर्णभेदी धोरणांच्या रेट्यात ही संस्था टिकली नाही. १९६० च्या सुमारास ती बंद पडली. कृष्णवर्णीयांचे उच्च शिक्षण सरकारने वेगळ्या, वंशनिहाय संस्थांकडे वळवले.

९/ विषय एकच, देशही एकच. फरक होता तो कोणाचे दारिद्र्य ‘प्रश्न’ मानायचे, याच्या उत्तरात. ज्या संसदेत फेरवूर्ड पंतप्रधान म्हणून बसत, तेथे १९९४ मध्ये हॉफमेयर स्कूलच्या दोन माजी विद्यार्थिनी खासदार म्हणून निवडून आल्या : विनी मंडेला आणि एलन कुझवायो.