धर्मप्रांताचे दप्तर

शाळेचे जनरल रजिस्टर वाळवीने खाल्ले तर काय अनर्थ होतो, हे गुरुजनांना सांगायला नको. कॅथलिक वस्तीच्या गावात तशीच एक वही चर्चमध्ये असते. ती बाप्तिस्म्याची नोंदवही.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये धर्मगुरूंना बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवायला लावल्या. आपल्याकडे जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची झाली ती 1969 च्या कायद्याने. तेव्हा जुन्या पिढीतल्या कित्येकांच्या वयाला, वारसाहक्काला आधार काय, तर ती वही! बरे, ही नोंद तिथेच थांबत नाही. मुलीचे लग्न परगावच्या चर्चमध्ये लागले, तर तिकडचे धर्मगुरू इकडे कळवतात, आणि तिच्या नावाशेजारी समासात ते लिहिले जाते.

आता वसईचेच पाहा. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तरी तिथल्या चर्चचा कारभार गोव्याच्या आर्चबिशपांकडेच राहिला. 1886 मध्ये वसई दमणच्या धर्मप्रांतात गेली, 1928 मध्ये तो मोडल्यावर मुंबईकडे आली, आणि 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. गाव जागचे हलले नाही. बिशप मात्र बदलत गेले. गावाच्या नोंदवह्या चर्चच्या कपाटात, पण बिशपांशी झालेला पत्रव्यवहार शोधायचा तर चार कचेऱ्यांची वाट धरायला हवी.

अशा वेळी उत्साही माणसाला वाटते, सगळे कागद एकत्र करावे आणि विषयवार लावावे. तसे मुळीच करू नये. पेशवे दप्तरातला कागद एका रुमालातून दुसऱ्यात गेला की हरवलाच म्हणायचा. इथेही तोच न्याय. कागद कोणत्या कचेरीतला, कशाच्या मागेपुढे होता, यावरून त्याचा अर्थ लागतो. म्हणून आधी आहे त्या क्रमाने यादी करावी. 1983 ची धर्मसंहिताही यादी मागते, आणि दप्तराची किल्ली बिशप व त्यांचे चान्सलर यांच्याकडेच असावी, असे सांगते.

1917 च्या संहितेत आणखी एक शहाणपण होते. नोंदवह्यांची नक्कल दरवर्षी बिशपांच्या कचेरीत पाठवायची. नव्या संहितेत ही सक्ती उरली नाही, हे मला काही पटत नाही. छत गळाले, कसर लागली, तर दुसरी प्रत कुठून आणणार? आता पानांची छायाचित्रे घेता येतात. ती दोन ठिकाणी ठेवावी. आणि फाटलेल्या पानाला कृपा करून चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो, आणि खालची अक्षरे डागाळतात.