ठेंगण्या बोगद्याची कृपा

मुंबईत लोकलचा डबा कंडम झाला की पुढे बहुधा लिलाव आणि भंगार. लंडनच्या भुयारी गाड्यांपैकी काहींना मात्र निवृत्तीनंतर समुद्रकाठी नवी नोकरी मिळाली. हे घडलं एका ठेंगण्या बोगद्यामुळे.

इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट हे बेट आहे. तिथल्या राइड गावाखालच्या बोगद्यात पाणी शिरायचं. 1966 अखेर वाफेची इंजिनं बंद करून राइड ते शँकलिन या मार्गावर वीज आणायचं ठरलं, तेव्हा पाण्यावर उपाय म्हणून बोगद्यातले रूळच सुमारे 25 सेंटीमीटर वर घेतले. मग नेहमीच्या आकाराच्या गाडीला डोकं वर काढायला जागाच उरली नाही. लंडनच्या ट्यूबची, म्हणजे खोल भुयारी रेल्वेची गाडी जात्याच बुटकी आणि दोन रुळांमधलं अंतरही बेटावरच्याइतकंच. लंडनात गाडीला वीज पुरवायला दोन जादा रूळ असतात, इथे एकच. तेवढा बदल गाड्यांत करून घेतला. मार्च 1967 मध्ये 1923 ते 1934 दरम्यान बांधलेले डबे बेटावर धावू लागले. जमिनीखाली पळालेल्या गाड्या आता राइडच्या धक्क्यावरून थेट समुद्रावर जात होत्या, बोटीच्या प्रवाशांना आणायला.

खाऱ्या हवेत ही पिढी थकली, तेव्हा 1989 पासून दुसरी आली. तीही लंडनचीच, 1938 सालच्या बनावटीची. तिने 3 जानेवारी 2021 पर्यंत रोजची चाकरी केली. ऐंशी वर्षांची गाडी संग्रहालयात नव्हे, वेळापत्रकात होती!

तिसऱ्या पिढीत निव्वळ डागडुजी नव्हती. लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनवरून निघालेल्या, 1980च्या आसपासच्या गाड्यांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा विवारेल कंपनीने ठेवला आणि विजेची यंत्रणा नवी बसवली. ट्यूबपेक्षा या उंच, पण मेनलाइनच्या गाड्यांहून बुटक्या. 1 नोव्हेंबर 2021 ला त्या रुजू झाल्या. पुढच्याच वर्षी विवारेल बुडाली. गाड्या मात्र धावत राहिल्या.

1938च्या गाड्यांपैकी एक बेटावरच हेवनस्ट्रीटला राहिली. तिथे हौशी मंडळी जुनी वाफेची रेल्वे चालवतात. ज्या इंजिनांना विजेच्या गाड्यांनी घरी बसवलं, त्यांच्याच अंगणात या गाडीने आता आसरा घेतला आहे.