कॉफीच्या पुडीवरचं नाव कुठं गेलं होतं?



धान्य आणि बिया भाजताना आतमध्ये नेमकं काय घडतं, हा माझ्या पीएचडीचा विषय, हे जुन्या वाचकांना माहीत आहेच. आज मात्र प्रयोगशाळेतलं कमी आणि इतिहासातलं जास्त सांगणार आहे. कारण घडलं ते असं.

मागच्या हिवाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदाच माझ्या मुंबईच्या खोलीवर आले. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, कळंब तालुक्यात. घरात चहा चालतो. कॉफी म्हणजे एखादा पाहुणा चहा पीत नसला तर दुकानातून आणायची छोटी पुडी, आणि वर जायफळ. माझ्याकडं मात्र भाजलेल्या कॉफीच्या दाण्यांचं पाकीट होतं. अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं. मळ्याचं नाव, चिकमगळूर जिल्हा, समुद्रसपाटीपासून उंची, झाडाची जात, फळ कसं वाळवलं ते, भाजल्याची तारीख. वाचून झाल्यावर म्हणाले, "कोणाच्या रानातली हाय हे बी लिहितेत व्हय? आपल्या सोयाबीनवर कुठं लिहितेत?"

मी हसले, पण प्रश्न डोक्यात राहिला. शोधायला लागल्यावर कळलं की भारतातल्या कॉफीच्या पुडीवरसुद्धा हे नाव जवळजवळ पन्नास वर्षं नव्हतं. ते का गेलं आणि परत कसं आलं, तेच आज सांगते.

आधी थोडं विज्ञान

कॉफीचा कच्चा दाणा हिरवट असतो. त्यात दहा-बारा टक्के पाणी असतं आणि नीट ठेवला तर तो कित्येक महिने टिकतो. म्हणून कच्ची कॉफी जहाजानं, रेल्वेनं कुठंही जाते. भाजायला घेतली की आधी पाणी उडतं, मग साखर आणि अमिनो आम्लं यांची प्रक्रिया होऊन रंग आणि वास तयार होतो. साधारण १९५ ते २०५ अंश सेल्सिअसला दाणा लाहीसारखा तडकतो. आपल्याकडं फुटाणे भाजताना जसा कान तयार लागतो, तसाच इथंही लागतो.

भाजलेला दाणा मात्र फार थांबत नाही. आत साठलेला कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून जातो, वास उडतो, तेलं हवेनं खराब होतात. दळल्यावर तर हे काही दिवसांतच होतं. म्हणून पीक कर्नाटकच्या डोंगरात आणि भट्टी पिणाऱ्यांच्या शहरात, अशी या धंद्याची रचना पहिल्यापासूनच आहे. भाजून, दळून देणारं दुकान शहरात लागतं ते याच कारणानं.

माटुंग्याची पाटी

मुंबईत अशी दुकानं शोधायची तर माटुंग्याला जावं लागतं. विसाव्या शतकात तिथं दक्षिण भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येनं राहायला आली, आणि त्यांच्यामागं फिल्टर कॉफीही आली. किंग्ज सर्कलजवळचं मैसूर कन्सर्न्स अजून चालू आहे. दुकानाच्या बाहेरूनच वास येतो. अशा जुन्या दुकानांत गिऱ्हाईक काय मागतं ते ऐका: "अर्धी प्लांटेशन ए, अर्धी पीबी, वीस टक्के चिकोरी."

इथंच माझी ट्यूब पेटली. ही नावं मळ्यांची नाहीत, प्रतींची आहेत. "प्लांटेशन" म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका, आणि "ए" म्हणजे दाण्याचा आकार. "पीबी" म्हणजे पीबेरी: फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी तयार होते, ती. चिकोरी तर कॉफीच नाही, ते एका झाडाचं भाजलेलं मूळ. दुकानदार मुरलेला, गिऱ्हाईक चोखंदळ, पण कॉफी कुणाच्या मळ्यातली हे दोघांनाही सांगता यायचं नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. माल त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच नाव पुसलं जात होतं.

नाव कुठं पुसलं गेलं?

कॉफीला मुळात गावांची नावं फार. येमेनमधल्या मोखा बंदरावरून "मोका" आलं. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात तिकडून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगररांगेलाच आज त्यांचं नाव आहे. आपल्या जुन्या मराठीत कॉफीच्या बीला बुंद किंवा बुंददाणा म्हणत, तो शब्दही अरबी "बुन्न"वरून आलेला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मोठे मळे केले आणि म्हैसूरची कॉफी लंडनच्या बाजारात नावानं ओळखली जाऊ लागली.

मग १९३०च्या दशकात मंदी आली. देशातच गिऱ्हाईक वाढवावं म्हणून १९३५ साली कॉफी सेस समिती स्थापन झाली आणि १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं आणि युरोपचा बाजार बंद पडला. मळेवाले बुडायची वेळ आली. तेव्हा सरकारनं आधी १९४० च्या वटहुकुमानं आणि मग १९४२ च्या कायद्यानं विक्री आपल्या हातात घेतली. हेच आजचं कॉफी बोर्ड.

पद्धत अशी होती. घरी प्यायला आणि बियाण्याला लागेल तेवढी थोडी ठेवून बाकी सगळी कॉफी शेतकऱ्यानं बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यायची. तिथं तिची प्रत ठरे, सारख्या प्रतीचा माल एकत्र होई आणि मग लिलाव. शेतकऱ्याला पैसे प्रतीप्रमाणे, हप्त्याहप्त्यानं. शेवटचा हप्ता यायला बराच काळ लागे.

म्हणजे काय झालं बघा. एकानं लाल पिकलेलं फळच निवडून तोडलं, नीट वाळवलं. दुसऱ्यानं जेमतेम केलं. दाण्याचा आकार सारखा निघाला की दोघांचा माल एकाच ढिगात जायची शक्यता. चवीवर जास्त कष्ट घेणाऱ्याला ते सिद्ध करायला जागाच उरली नाही. आणि दुकानदारानं पाटीवर लिहायचं तर प्रतीशिवाय त्याच्याकडं होतं काय?

पण ही व्यवस्था नुसती वाईट होती असं म्हणणं अन्याय होईल. माल विकला जाणार याची खात्री होती, आणि लहान शेतकऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

नाव परत आलं

१९८९ साली कॉफीचे कोटे ठरवणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था कोसळली. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला, जो भारतीय कॉफीचा मोठा खरेदीदार होता. इकडं आपलं आर्थिक उदारीकरण सुरू झालं. १९९२ नंतर टप्प्याटप्प्यानं शेतकऱ्याला काही हिस्सा स्वतः विकायची मुभा मिळाली, आणि १९९६ पर्यंत बाजार पूर्ण मोकळा झाला.

परदेशात तोवर दुसरीच हवा होती. अमेरिकेत अर्ना नुटसेन या कॉफी व्यापारी बाईंनी १९७४ साली "स्पेशालिटी कॉफी" हा शब्द वापरला. विशिष्ट ठिकाणच्या हवापाण्यातून येणारी खास चव, असा त्याचा अर्थ. आज चव घेऊन शंभरपैकी गुण देतात. ऐंशी किंवा जास्त मिळाले तर ती स्पेशालिटी.

हा शब्द आपल्याकडं दुकानाच्या रूपात यायला आणखी वेळ लागला. ब्लू टोकाय २०१३ साली दिल्लीत सुरू झालं आणि नंतर मुंबईत आलं. वांद्र्यात सबको २०२० साली उघडलं. भट्टी तीच, दाणेही कर्नाटक-तामिळनाडूचेच. फरक एवढाच, की भाजणारा आता थेट मळ्यापर्यंत जाऊ शकतो आणि पुडीवर तसं लिहू शकतो. काचेच्या दुकानांचं कौतुक सगळे करतात, पण १९९६ ची ती मोकळीक नसती तर ते पाकीट छापताच आलं नसतं.

मग सगळं छान झालं का?

नाही. बाजार मोकळा झाला आणि काही वर्षांतच, १९९९ नंतर, जगभर कॉफीचे भाव कोसळले. पाठीशी सामायिक साठा नव्हता. लहान शेतकऱ्यांना त्याचा फटका जोरात बसला. पुडीवर नाव येतं ते मोजक्याच मालाला. बाकी कॉफी आजही ढिगानंच विकली जाते. नाव छापलं म्हणून भाव मिळत नाही. चव पारखणारा, जास्त पैसे देणारा आणि पुढच्या वर्षी त्याच मळ्याकडं परत येणारा कुणी मध्ये असावा लागतो. शहरातला भट्टीवाला ते काम करतो.

आता अण्णांच्या प्रश्नाकडं येते. आमचं सोयाबीन आडतीवर जातं. ओलावा बघतात, माती-डागी बघतात, सौदा होतो, माप होतं. पट्टीवर अण्णांचं नाव असतं, पण पोतं रिकामं झालं की संपलं. सोयाबीनचं तेलच काढायचं असेल तर नाव असून उपयोग नाही, हे मलाही कळतं. पण तूर, हरभरा, ज्वारी यांना चव आहे. गावातली म्हातारी माणसं कुठल्या रानातली ज्वारी गोड हे बोट दाखवून सांगतात. आणि हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. कुंथलगिरीचा खवा गावाच्या नावावरच विकला जातो. त्याही आधी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या "पेरिप्लस" या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत भडोच बंदरात येणाऱ्या कापडाबरोबर ते कुठल्या गावाहून येतं तेही नोंदवलंय: तगर. अभ्यासकांच्या मते ते म्हणजे आपलं तेर.

जाताना अण्णांनी रिकामं पाकीट घडी घालून पिशवीत ठेवलं. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाले, "माळावरल्या तुरीचे दोन कट्टे बाजूला ठिवलेत. तू बघ कोण घेतंय का." अजून कुणी मिळालेलं नाही. दोन कट्ट्यांची डाळ कुठं करायची इथपासूनच अडचण आहे. पण शोधतेय. तुमच्या ओळखीत कुणी असा रानाच्या नावानं माल विकत असेल, आणि विशेषतः कुणी प्रयत्न करून फसलं असेल, तर मला जरूर कळवा.