कॅमेरा चालूच राहिला

३० नोव्हेंबर १९५८, रविवारची रात्र. मँचेस्टरच्या डिड्सबरी भागातल्या स्टुडिओतून ‘आर्मचेअर थिएटर’ मालिकेतलं ‘अंडरग्राउंड’ हे नाटक टीव्हीवर थेट प्रक्षेपित होत होतं. अणुस्फोटानंतर लंडनच्या भुयारी रेल्वेत अडकलेल्या माणसांची ती गोष्ट. दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात गॅरेथ जोन्स हा तिशीतला नट हृदयविकाराच्या झटक्याने कोसळला आणि गेला. त्याच्या भूमिकेलाही त्या नाटकात हृदयविकाराचा झटका येणार होता, असं सहकलाकार पीटर बोल्स पुढे सांगत.

दिग्दर्शक टेड कॉचेफ यांच्या हाताशी होती फक्त जाहिरातींची सुट्टी. तेवढ्यात त्यांनी जोन्सची वाक्यं इतरांना वाटून दिली, हालचाली बदलल्या आणि पुढचा अंक सुरू झाला. प्रयोग शेवटपर्यंत पार पडला.

ही थेट प्रक्षेपणाच्या त्या काळातली सर्वांत क्रूर घटना. पण तिच्यामागची व्यवस्था रोजचीच होती. नाटक पुन्हा दाखवायचं तर ते पुन्हा करावं लागे. बीबीसीचं ‘नाइन्टीन एटी-फोर’ हे नाटक १९५४च्या डिसेंबरात १२ तारखेला झालं, आणि १६ तारखेला त्याच नटांनी ते पहिल्यापासून परत केलं. यंत्र बिघडलं किंवा कार्यक्रमांत खंड पडला, की बीबीसी छोटे चित्रपट लावी : फिरतं कुंभाराचं चाक, लोकरीशी खेळणारं मांजराचं पिल्लू. प्रेक्षकांना हे चित्रपट तोंडपाठ झाले होते.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओटेप आली, तरी चुका लगेच हटल्या नाहीत. दोन इंच रुंदीची ती टेप महाग, आणि संकलन म्हणजे ती प्रत्यक्ष कापून जोडणं. त्यामुळे ध्वनिचित्रमुद्रणही थेट प्रयोगासारखंच, सलग होई. १९६३ला सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेत नट विल्यम हार्टनेल वाक्यं अडखळत म्हणतात, आणि ती तशीच राहतात. त्या अडखळण्यावर हसणं अन्यायाचं आहे. पहिल्याच पर्वात त्यांच्या संचाने ४२ भाग केले, दर आठवड्याला एक. त्याच मालिकेतल्या १९६५च्या ‘द वेब प्लॅनेट’ या कथेत मुंगीसारखा एक अजस्र प्राणी थेट कॅमेऱ्यावर आदळतो. वेशातल्या नटाला समोरचं धड दिसतही नसणार.

कधी मात्र चूक जाणूनबुजून ठेवली गेली. १९६९च्या जुलैत ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात लुलू नावाचं हत्तीचं पिल्लू आलं. त्याने स्टुडिओतच लघवी केली, लीद टाकली आणि माहुताला फरपटत नेलं. जॉन नोक्स, व्हॅलेरी सिंगलटन आणि पीटर पर्व्ह्ज हे निवेदक हसत हसत तोल सांभाळत राहिले. तो भाग आधी मुद्रित झालेला होता, पुन्हा करता आला असता. संपादक बिडी बॅक्स्टर यांनी तो आहे तसा दाखवला. मुलांच्या टीव्हीसाठी घेतलेला इतका शहाणा निर्णय विरळाच.

१९७७मध्ये आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर ‘इट्ल बी ऑलराइट ऑन द नाइट’ सुरू झालं. डेनिस नॉर्डन हातात क्लिपबोर्ड घेऊन, कार्यक्रमांतून काढून टाकलेल्या चुका दाखवू लागले. चूक वगळता येत नव्हती म्हणून वीस वर्षांपूर्वी ती घराघरांत दिसली होती. आता ती आधी वगळली जाई, आणि मग निवडून, क्रम लावून, वेगळा कार्यक्रम म्हणून समोर येई.