गरोदरपणातील हालचाल व बाळंतपणानंतरचे धावणे (नांदेड–लातूर)

गरोदरपणात शरीर चालते-फिरते ठेवणे आणि बाळंतपणानंतर टप्प्याटप्प्याने पुन्हा धावू लागणे, हा प्रसूतिशास्त्र, भौतिकोपचार आणि क्रीडावैद्यक या तिन्ही शाखांचा विषय आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांत त्याचे रूप शहरी आरोग्यपुस्तकांतल्यापेक्षा वेगळे दिसते. येथे बाळंतपणानंतर धावणारी बाई हौशी मॅरेथॉनपटू क्वचितच असते. बहुतेक वेळा ती पोलीस किंवा वनरक्षक भरतीची तयारी करणारी तरुण आई असते. गरोदर बाईने किती हालचाल करावी, हेही येथे तिच्या प्रकृतीपेक्षा घरच्या परिस्थितीवरून ठरते. एका घरात दिवस गेल्याचे कळताच तिला वाकू दिले जात नाही. त्याच गावातली दुसरी बाई नवव्या महिन्यातही उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढते.

कष्ट आणि व्यायाम : मराठवाड्यातल्या बाईला गरोदरपणात हालचाल नवी नाही. जात्यावर दळल्याने बाळंतपण सोपे जाते, असे जुन्या बायका सांगत. चक्कीचालनासन या नावाने योगवर्गात शिकवला जाणारा प्रकार जवळपास तीच हालचाल आहे. परंतु शेतातले किंवा ऊसतोडीचे काम म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामात थांबण्याचा अधिकार करणाऱ्याकडे असतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि कामावर न गेल्यास खाडा, म्हणजे दंड, पडतो. तीस-चाळीस किलोची मोळी, पहाटेपासूनचे वाकणे, उन्हातले तास आणि पालावरचे अपुरे जेवण यांतून शरीर कमावले जात नाही, झिजते. मुखेड, कंधार या भागांतल्या तांड्यांवरून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. त्यांतल्या गरोदर बायकांना ‘सक्रिय राहा’ असा सल्ला देणे निरर्थक आहे. त्यांना विश्रांतीची आणि हलक्या कामाची गरज असते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणानंतरचे ६ आठवडे बाईला कामावर ठेवण्यास मनाई केली आणि तिने मागणी केल्यास त्याआधीच्या ठरावीक काळात कष्टाचे काम देण्यावरही बंदी घातली. कोयत्यावरच्या बाईपर्यंत हे संरक्षण पोचत नाही.

पाणी वाहणे हाही याच प्रकारचा भार आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. अशा टंचाईत डोक्यावर हंडा, कमरेवर घागर घेऊन चालण्याचे अंतर वाढते आणि गरोदर बाईला त्यातून सूट मिळतेच असे नाही.

वैद्यकीय मत कसे बदलले : अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ साली गरोदर बाईच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत, अशी मर्यादा सांगितली होती. १९९४ मध्ये ती काढून टाकली. जेम्स क्लॅप या अमेरिकी डॉक्टरांनी गरोदरपणात धावत राहिलेल्या बायकांचा अनेक वर्षे अभ्यास केला होता आणि अशा अभ्यासांमुळे जुनी भीती कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये, कोणतीही गुंतागुंत नसलेल्या गरोदर व बाळंत बायकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चालले तरी ती पुरी होते. नियमित हालचालीने गरोदरपणातला मधुमेह व वाढलेला रक्तदाब यांचा धोका कमी होतो. भारतीय बायकांत हा मधुमेह बराच आढळतो, म्हणून जेवणानंतरचे चालणे येथे अधिक मोलाचे ठरते.

उलट, सरसकट ‘बेड रेस्ट’ने अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते याला आधार मिळालेला नाही. सतत पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि स्नायू व हाडे अशक्त होतात. आपल्याकडे हा सल्ला अजूनही फार सहज दिला जातो.

श्रम किती असावेत, याची सोपी कसोटी अशी : चालता-चालता सोबतिणीशी बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये. गरोदर राहण्यापूर्वी नियमित धावणारी बाई, डॉक्टरांना विचारून, वेग व अंतर कमी करत काही महिने धावू शकते. पूर्वी कधी न धावलेल्या बाईने गरोदरपणात धावायला सुरुवात करू नये. तिने चालावे. वार खाली असणे, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असणे, गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब, पाणमोट फुटणे, रक्तस्राव, हृदयविकार किंवा तीव्र रक्तक्षय असल्यास व्यायाम डॉक्टर सांगतील तेवढाच. चालताना अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, पोटात ठरावीक वेळाने कळा येणे, छातीत दुखणे, भोवळ, एका पोटरीला सूज व दुखणे यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. बाळाची हालचाल कमी वाटली तरी हेच करावे.

रक्तक्षयाचा मुद्दा येथे बाजूला ठेवता येत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ४५ टक्क्यांहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय आणि ७ च्या खाली गेले की तो तीव्र समजतात. धाप लागते म्हणून ‘दम वाढवायला’ धावणाऱ्या बाईला अनेकदा दमापेक्षा लोहाची गरज असते. आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या, ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडच्या, रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस घ्यायच्या असतात. काळी शी होते, मळमळते म्हणून त्या डब्यात पडून राहतात. त्या जेवणानंतर दोन तासांनी, चहा टाळून आणि लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घेतल्यास जास्त लागू पडतात.

उन्हाळ्यात गोदाकाठच्या नांदेडला पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. बालाघाटच्या पठारावरचे लातूर उंचावर असल्याने रात्री थोडे थंड असते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत शरीराचे तापमान फार वाढू देऊ नये, हा नियम दोन्हीकडे लागू आहे. मार्च ते जून चालणे सकाळी सातच्या आत उरकावे.

बाळंतिणीची खोली : पहिले बाळंतपण माहेरी होते आणि सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही. या रिवाजातला मोठा भाग शहाणपणाचा आहे. कोणीतरी रोज तेल लावते, गरम पाण्याने न्हाऊ घालते, डिंकाचे व अळिवाचे लाडू, बाळंतशेपा, तुपातला शिरा हातात आणून देते. स्वयंपाक आणि पाणी भरणे सुटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. माहेरच्या खुराकातून त्या भरून निघतात.

त्याच खोलीतल्या काही गोष्टी मात्र घातक आहेत. दारे-खिडक्या लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली की धूर आई व बाळ दोघांच्या छातीत जातो. पाणी कमी प्यायला दिले तर दूध, लघवी आणि शौच या तिन्हींचा त्रास होतो. ‘पोट सुटू नये’ म्हणून लुगड्याची पट्टी श्वास अडेल इतकी आवळली की पोटातला दाब खाली, ओटीपोटाच्या तळाकडे ढकलला जातो. आधीच ताणलेल्या जागेवर तो भार नको. हलका आधार देणारी पट्टी काही दिवस वापरायला हरकत नाही. अंगात वारे शिरेल या भीतीने बाळंतिणीला चालूच न देणेही चूक आहे. साध्या प्रसूतीनंतर त्याच दिवशी आणि सिझेरियननंतर २४ तासांच्या आत आधाराने चालायला लावतात, ते गुठळ्या टाळण्यासाठी. घरी आल्यावर कान बांधून का होईना, तिने खोलीत व अंगणात दिवसातून चार-पाच वेळा फिरावे.

शरीरात काय झालेले असते : ओटीपोटाच्या तळाशी माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत ताणून बसलेले स्नायू मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय पेलतात. योनीमार्गाने बाळ येताना हे स्नायू मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात आणि त्यांना सावरायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. पोटाच्या मध्यरेषेतली पांढरी पट्टी रुंदावलेली असते. सिझेरियनमध्ये कातडीचा टाका दहा-बारा दिवसांत सुकतो, पण आतल्या जाड पडद्याला सहा आठवड्यांनंतर जेमतेम निम्मी ताकद आलेली असते. महाराष्ट्रात २०१९–२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीच्या काळात चारांपैकी एक प्रसूती सिझेरियनने होत होती, म्हणजे हा मुद्दा फार घरांना लागू आहे. ‘टाका सुकला, आता पळ’ असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे.

पुन्हा धावणे : टॉम गूम, ग्रॉनिया डॉनेली व एमा ब्रॉकवेल या ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांनी मार्च २०१९ मध्ये बाळंतपणानंतर धावण्याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा : १२ आठवड्यांपूर्वी धावू नये, आणि त्यानंतरही तारीख पाहून नव्हे, शरीर पाहून सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यांत श्वसन, ओटीपोटाच्या तळाचे आकुंचन आणि थोडे चालणे. हे आकुंचनाचे व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडले. लघवी आणि वारा दोन्ही एकाच वेळी रोखून धरल्यासारखे आत-वर खेचायचे, आठ-दहा सेकंद धरायचे, पूर्ण सोडायचे. असे आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. सोडणेही धरण्याइतकेच महत्त्वाचे. सहाव्या आठवड्यानंतर चालण्याचा वेळ वाढवावा आणि हलकी ताकद कमवावी.

धावण्याआधीची तपासणी घरच्या ओट्यावरही करता येते. अर्धा तास झपझप चालून काहीही त्रास होऊ नये. एका पायावर दहा सेकंद उभे राहता यावे, एका पायावर दहा अर्ध्या बैठका व्हाव्यात, जागच्या जागी एक मिनिट धावता यावे आणि प्रत्येक पायावर दहा लंगडी-उड्या मारता याव्यात. या वेळी लघवी गळली, खाली काही उतरल्यासारखे जड वाटले, किंवा पोटाच्या मध्यभागी डोंगरासारखा उंचवटा आला, तर अजून वेळ आहे. सगळे जमले तर एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे वीस-पंचवीस मिनिटे, एक दिवसाआड. आधी वेळ वाढवायचा, वेग शेवटी.

भरतीचे मैदान : नांदेड-लातूरच्या मैदानांवर पहाटे पळणाऱ्या मुलींत लग्न झालेल्या आणि लेकरू आईकडे किंवा सासूकडे ठेवून आलेल्या बायका असतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत खुल्या गटाची वयोमर्यादा २८, मागास प्रवर्गांची ३३. विशी-बाविशीत पहिले मूल झालेल्या बाईचे भरतीचे वय आणि बाळंतपणाचे वय एकच असते. महिलांच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. वनरक्षक भरतीत ३ किलोमीटर. चाचणीची तारीख तिच्या बाळंतपणाकडे पाहून ठरत नाही. म्हणून लेकरू दोन महिन्यांचे असतानाच थेट १०० मीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या बायका दिसतात. त्यांना दोष देता येत नाही, पण क्रम सांगता येतो. ८०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला दोन फेऱ्या. चालणे-धावणे करत तो पल्ला आधी सलग व्हावा. पूर्ण वेगाने पळण्याची फेरी त्यानंतर काही आठवड्यांनी. गोळ्याला लोक साधे समजतात, पण चार किलोचा गोळा श्वास कोंडून फेकताना पोटातला दाब एकदम वाढतो. रुंदावलेली मध्यरेषा आणि सैल तळ यांच्यासाठी ८०० मीटरच्या सावकाश पळण्यापेक्षा हे जास्त जड आहे. फेकीच्या क्षणी श्वास सोडायची सवय लावावी आणि सुरुवात हलक्या वजनाने करावी.

अंगावर पाजणाऱ्या आईच्या धावण्याने दूध नासत नाही. धावण्यापूर्वी पाजून जावे म्हणजे छाती हलकी राहते, आणि घट्ट आधाराची ब्रा घालावी. पोट मारून वजन उतरवण्याच्या नादात मात्र हाडे कमकुवत होतात. पॉला रॅडक्लिफ या ब्रिटिश धावपटूला जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली. त्यानंतर सराव करताना तिच्या त्रिकास्थीला ताणाने तडा गेला आणि काही काळ थांबावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने न्यू यॉर्क मॅरेथॉन जिंकली. तडा गेल्याची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पी. टी. उषा यांनी १९९२ मध्ये मुलगा झाल्यावर पुनरागमन केले आणि १९९८ मध्ये फुकुओका येथील आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत पदके मिळवली, त्यांत ४×१०० मीटर रिलेचे सुवर्णही होते. एवढ्या पुनरागमनाला त्यांना वर्षे लागली.

न बोलली जाणारी दुखणी : खोकले-शिंकले की लघवी सुटणे आणि ‘अंग बाहेर येणे’ ही दुखणी मराठवाड्यात बायका वर्षानुवर्षे अंगावर काढतात. धावणारी बाई गडद सलवार घालते आणि पाणी कमी पिते. ‘बाळंतपणानंतर होतंच असं’ ही समजूत चुकीची आहे. हे घडते फार जणींना, पण नियमित व्यायामाने बहुतेकींना आराम पडतो. लातुरात भौतिकोपचाराचे महाविद्यालय आहे आणि दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अंग बाहेर येत असले तरी गर्भाशय काढून टाकणे हा पहिला उपाय नव्हे.

व्यवस्थेतली फट : आशाताई नवजात बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बेचाळिसावा दिवस सव्वा महिन्याला जवळपास लागूनच येतो, आणि तिथून आई नोंदवहीतून गळते. पुढच्या भेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात, बाळाचे वजन व आहार पाहण्यासाठी. तिसऱ्या महिन्याची भेट आणि १४ व्या आठवड्याची लस, दोन्ही नेमक्या धावणे सुरू करण्याच्या वेळी येतात. बाळाला वजनकाट्यावर ठेवून झाल्यावर आईला तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात : लघवी गळते का, खाली जड वाटते का, आणि कामावर किंवा मैदानावर कधी जायचे आहे.