तट्टावर मोठ्या माणसाने बसावं का? वजनाचा हिशोब, कायदा आणि जनावराच्या खुणा

चारकोपसारख्या वस्तीत आता घोडा रोज दिसत नाही. दिसतो तो लग्नाच्या वरातीत, नाहीतर सुट्टीत जुहूच्या चौपाटीवर, माथेरान-महाबळेश्वरला गेल्यावर. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी लावावी लागते, पुढे मोटारीला बंदी. तिथे घोडेवाले पुढे येतात. समोर ८५ किलोचा माणूस उभा आणि त्याच्यासाठी आणलेलं जनावर त्याच्या छातीएवढं. माणूस विचारतो, "हे मला झेपेल का?" उत्तर ठरलेलं, "बसा साहेब, काही होत नाही." ज्याच्या पाठीवर बसायचं त्याला मात्र कोणी विचारत नाही.

थोडक्यात उत्तर

प्रश्न वयाचा नाही, उंचीचाही नाही. प्रश्न वजनाचा आहे. बसणारा माणूस, खोगीर आणि बाकी सामान मिळून होणारं ओझं जनावराच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावं, हा जगभर पाळला जाणारा साधा नियम. या नियमाने पाहिलं तर लहान तट्टावर बहुतेक मोठी माणसं बसू शकत नाहीत. मोठ्या चणीच्या घोड्यावर बसू शकतात.

तट्टू म्हणजे घोड्याचं पिल्लू नव्हे

पुष्कळ जणांचा इथेच गोंधळ होतो. घोड्याचं पिल्लू म्हणजे शिंगरू. तट्टू हे पूर्ण वाढ झालेलं, पण ठेंगणं जनावर. जगात घोड्याची उंची 'हात' या मापात मोजतात. हा हात आपल्यासारखा कोपरापासूनचा नाही, तळव्याच्या रुंदीएवढा, म्हणजे ४ इंचांचा. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत जमिनीपासून माप घेतात. साधारण १४ हात २ इंच, म्हणजे १४७ सेंटीमीटर. त्याच्या आत असेल ते तट्टू, वर असेल तो घोडा.

आपल्याकडे किरायाने मिळणारी बरीच जनावरं या रेषेच्या खालीच असतात. त्यामुळे लोक ज्याला सरसकट 'घोडा' म्हणतात, ते बऱ्याचदा तट्टूच असतं.

पाचव्या हिश्शाचा नियम कुठून आला

अमेरिकेच्या घोडदळात अनुभवाने हाच आकडा धरला जात होता. पुढे तिथल्या ओहायो राज्य विद्यापीठात ८ घोड्यांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. घोड्यांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझं ठेवून त्यांना फिरवलं. २० टक्क्यांपर्यंत फारसा फरक दिसला नाही. २५ आणि ३० टक्क्यांना मात्र नाडी, श्वास आणि स्नायूंचं दुखणं स्पष्ट वाढलं.

हा आकडा दगडावरची रेघ नाही. आइसलँडची घोडी उंचीने तट्टाएवढीच, पण हाडापेराने जाड आणि कंबरेने आखूड. तिथे मोठी माणसं सर्रास त्यांच्यावर बसतात. उलट आपल्याकडचं हडकुळं, कमी खुराकाचं, चढ-उतारावर दिवसभर राबणारं तट्टू असेल तर पाचवा हिस्सासुद्धा जास्तच होतो. म्हणून २० टक्के ही वरची मर्यादा समजावी. तेवढं ओझं लादलंच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही.

टेपने वजन काढा

काटा नसला तरी जनावराचं वजन काढता येतं. शिंप्याकडची टेप पुरे.

१. पुढच्या पायांच्या लगेच मागे, तंग बांधतात त्या जागेवरून छातीचा पूर्ण घेर सेंटीमीटरमध्ये घ्या.
२. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या.
३. घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. उत्तर किलोमध्ये येतं. थोडंफार इकडेतिकडे होईल, पण अंदाज पक्का मिळतो.

उदाहरण घेऊ. खोगीर, खालची गादी, रिकिबी मिळून ८ किलो धरू.

घेर १४५, लांबी १३० असेल तर वजन सुमारे २३० किलो. पाचवा हिस्सा ४६ किलो. खोगीर वजा केलं तर बसणारा ३८ किलोचा, म्हणजे शाळकरी पोर.

घेर १६०, लांबी १४५ असेल तर वजन सुमारे ३१२ किलो. पाचवा हिस्सा ६२ किलो. बसणारा ५४ किलोपर्यंत, म्हणजे हलक्या अंगाची मोठी व्यक्ती.

जनावर ४०० किलोचं असेल तर पाचवा हिस्सा ८० किलो. बसणारा ७२ किलोपर्यंत.

आता ८५ किलोच्या माणसाचं बघू. खोगीर धरून ९३ किलो झाले. त्याला निदान ४६५ किलोचा घोडा लागतो. तेवढ्या वजनाचं जनावर तट्टू नसतं, चांगला भरलेला घोडा असतो.

"टांग्यात तर चार माणसं ओढतो की!"

हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बैल गाडीतून पंधरा-वीस पोती नेतो, म्हणून ती कोणी त्याच्या पाठीवर घालत नाही. गाडीत वजन चाकावर असतं. पाठीवर घेतलं की ते कण्यावर येतं.

घोड्याचा कणा पुढच्या आणि मागच्या पायांवर टाकलेल्या पुलासारखा असतो. त्यातही पुढच्या पायांना गळपट्टीचं हाड नसतं, ते धडाला नुसत्या स्नायूंनी जोडलेले असतात. ओझं जास्त झालं की मधली पाठ खचते. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे कंबरेवर गेलं तर त्रास आणखी वाढतो, कारण तिथे खालून बरगड्यांचा आधार नसतो. जड माणसाला मोठं खोगीर लागतं आणि लहान तट्टाच्या पाठीवर तेवढी जागाच नसते.

कायदा काय म्हणतो

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाणीसोबतच जनावरावर बेसुमार स्वारी करणं आणि जास्त ओझं लादणं हाही गुन्हा धरला आहे.

याच कायद्याखाली १९६५ मध्ये ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यात पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा अशी दिली आहे: गाढव ५० किलो, तट्टू ७० किलो, खेचर २०० किलो, उंट २५० किलो. त्याच नियमांत तट्टाच्या दोनचाकी गाडीला हवेचे टायर असतील तर ६०० किलो आणि नसतील तर ४०० किलो भार चालतो. ओढणं आणि पाठीवर घेणं यातला फरक कायद्यानेच केला आहे.

७० किलोचा हा आकडा ओझ्याच्या तक्त्यातला आहे, स्वाराचा वेगळा रकाना तिथे नाही. पण पोतं असो की माणूस, तट्टाच्या कण्याला किलो तेवढेच लागतात. उलट पोतं घट्ट बांधलेलं असतं. नवखा माणूस हिंदकळतो, लगाम ओढतो, एका अंगावर कलतो.

नियमात आणखी काही गोष्टी आहेत. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांती न देता सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही. काटेरी लगामाला बंदी आहे. खोगिराची कमान मानेमागच्या उंचवट्यावर टेकता कामा नये.

कायद्याची शिक्षा मात्र किरकोळ आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इतक्या दंडाला कोणी घाबरत नाही. म्हणून खरा लगाम बसणाऱ्याच्याच हातात आहे.

मुंबईत घोड्यांचा प्रश्न कोर्टापर्यंत गेला होता. हौसेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. परदेशातही पर्यटकांच्या वजनावर बंधनं आली. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर पर्यटक गाढवांवरून चढ चढतात. तिथल्या सरकारने २०१८ मध्ये ठरवलं की १०० किलो किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा, यापेक्षा जास्त भार नको.

मग मराठ्यांची घोडी लहान नव्हती का?

होती. दख्खनची भीमथडी घोडी लहान चणीची, काटक आणि डोंगरात चालणारी. भीमा नदीच्या खोऱ्यावरून तिचं नाव पडलं. त्याच घोड्यांवर बसून मराठ्यांनी मुलूख पालथा घातला. पण ती फौज हलकी होती. जड चिलखत नाही, मोठं सामान नाही. घोडा रोजच्या चालीतला, स्वार लहानपणापासून पाठीवर वाढलेला. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे. तो गेला तर पोटाचं साधन गेलं, म्हणून तो जीवापाड जपला जाई. ८५ किलोचा नवखा पर्यटक, पाठीला पिशवी, हातात मोबाईल, याची त्या स्वाराशी तुलना होत नाही.

पाय लोंबतात म्हणून हसू नका, वजन बघा

उंच माणूस तट्टावर बसला की पाय खाली लोंबतात आणि लोक हसतात. पण उंच आणि सडपातळ ५० किलोचा माणूस तट्टाला चालून जातो. बुटका पण ९० किलोचा माणूस दिसायला शोभतो आणि जनावराची पाठ मोडतो. डोळ्यांना काय दिसतं त्यापेक्षा काट्यावर काय येतं ते महत्त्वाचं.

वरातीची घोडी

वरातीत नवरदेव बसतो, पुढे हौसेने एखादा भाचा बसवतात. नवऱ्याचे ७५ किलो, भाच्याचे १५, वर शेरवानी, फेटा आणि सजवलेलं जड खोगीर. शंभरी सहज पार होते. त्यात डांबरी रस्ता, डीजे, फटाके आणि तासभर एकाच जागी नाचगाणं. उभ्या जनावराच्या पाठीवरचं वजनही वजनच असतं. घोडी ठरवताना रंग आणि सजावट बघतात, तसं तिचं अंगही बघावं. पोराला वेगळं न्यावं. वरात थांबली की नवऱ्याने खाली उतरावं. शक्य असेल तर मांडवाजवळच्या शेवटच्या शंभर पावलांपुरतंच बसावं. फोटो तेवढ्यात होतात.

जनावर काय सांगतं

बसण्याआधी दोन मिनिटं काढून हे बघा:

खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का? ते बहुधा जुन्या घावांचे असतात. पांढऱ्या जनावरावर ते दिसत नाहीत, तिथे हात फिरवून बघा. पाठीवर हात दाबला की ते अंग चोरतं का? बरगड्या मोजता येतात का? चालताना मान एका पायाला जास्त हलते का? तसं असेल तर ते लंगडतं आहे. नाल सैल आहे का?

बसल्यावर कान सतत मागे पाडणं, शेपटी झटकणं, ठेचकाळणं, पाठ खाली घालणं, तोंड उघडून लगाम चावणं, नाकपुड्या फुगवून धापा टाकणं, पुढे जायला नकार देणं या तक्रारी समजाव्यात. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांतही श्वास खाली येत नसेल तर ओझं जास्त झालं.

जनावर कोवळं असेल तर आणखी सांभाळावं. घोड्याच्या कण्याची हाडं पक्की व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. तीन वर्षांच्या तट्टावर जड माणूस बसवला तर त्याची पाठ कायमची जाऊ शकते.

घोडेवाल्याचं पोट

घोडेवाला दुष्ट असतो म्हणून जड माणूस बसवतो असं नाही. हंगाम तीन-चार महिन्यांचा, चारा-भुसा आणि नालबंदीचा खर्च वर्षभराचा. गिऱ्हाईक नाकारलं तर ते शेजारच्याकडे जातं. म्हणून एकट्याने नियम पाळून भागत नाही. थांब्यावर सगळ्यांनी मिळून वजनकाटा ठेवला, जड गिऱ्हाईकाला मोठा घोडा आणि लहानांना तट्टू असं वाटून घेतलं, तर कोणाचाच धंदा बुडत नाही. पाठ शाबूत राहिली तर जनावर दहा-बारा वर्षं कमावून देतं. एकदा पाठ गेली की ते बाजारात कवडीमोलाने जातं.

मग करायचं काय?

आपलं वजन लपवू नका, आधीच सांगा आणि मोठा घोडा मागा. तो नसेल तर चाला. माथेरानला अमन लॉजहून छोटी रेल्वे आहे, ई-रिक्षा आहे. मुलाला तट्टावर बसवून आपण शेजारून चालावं, म्हणजे मुलाची हौस होते आणि जनावरही वाचतं. बसलात तर ओट्यावरून किंवा दगडावरून चढा, रिकिबीला लोंबकळून चढू नका, त्याने खोगीर आणि कणा दोन्ही पिळवटतात. तीव्र उतारावर खाली उतरा. एका जनावरावर दोघं बसू नका.

वाटेत घायाळ किंवा कोसळलेला घोडा दिसला तर त्याला मारून उठवू देऊ नका. ओझं आणि खोगीर काढा, सावली करा, पाणी पाजा, अंगावर पाणी घाला. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. मुंबईत परळला प्राण्यांचं जुनं रुग्णालय आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. डोळ्यांदेखत मारहाण होत असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात १९६० च्या कायद्याखाली तक्रार करता येते.