बादलीभर पाण्यातले फोटो

मामांच्या स्टुडिओत मी कामाला लागलो 1972 साली, ऐन दुष्काळात. सांगोल्यात प्यायच्या पाण्याची मारामार, आणि हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनातून, काढलेला फोटो तर वाहत्या पाण्यात चांगला अर्धा तास धुवायचा असतो. आम्ही सगळे फोटो एकाच बादलीत बुचकळायचो. कागदात हायपो राहिला की पुढं फोटो पिवळा पडतो. त्या सालचे माझ्याकडचे तमाशाचे फोटो सगळे पिवळे आहेत.

जत्रांचा हंगाम आला की मामा याशिका कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचे, मी बॅग धरून मागं. 120 चा रोल, त्यात फोटो बारा. गणाला एकही नाही, गवळणीला चार, बाकीचे वगाला, असा त्यांचा हिशेब. फ्लॅश मारला की नाचणारीचा ठेका चुकतो म्हणून फडमालक डाफरायचा. मग पेट्रोमॅक्सच्या उजेडात श्वास रोखून, गिरकी संपून पाय थबकतो तेवढ्यात बटण दाबायचं. चेहरा यायचा, ढोलकीवाल्याचे हात मात्र नुसता धूर. हे फोटो गावच्या पंचांना दाखवून फडमालक सुपारी ठरवायचा. कला वगैरे आमच्या डोक्यात नव्हतं. छायाचित्रकार संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक हाती आलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपलंच काम, फक्त पाण्यानं नीट धुतलेलं!

रोलमधले फोटो मोजून वापरायची गोष्ट तिकडचीही आहे. 1967 साली अमेरिकेत मॉंटेरीच्या संगीत महोत्सवात रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं स्टेजवर गिटार पेटवली. तो जगप्रसिद्ध फोटो काढणारा एड कॅराफ 17 वर्षांचा होता आणि रोलमध्ये एकच फोटो उरला होता, असं पुढं वाचलं. मामा असते तर म्हणाले असते, पोरानं हिशेब बरोबर ठेवला.

पेटत्या गिटारच्या त्या फोटोत कोण आहे ते जगाला ठाऊक आहे. पंढरपुरात जन्मलेल्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, त्यांचा फोटोही कुणी ओळखेल. माझ्या पेटीतल्या निम्म्या बायकांची नावं मात्र मलाच सांगता येत नाहीत. आम्ही फोटोमागं फक्त गाव आणि बाकी पैसे लिहायचो.

सांगोला, मंगळवेढा, आटपाडीकडं कुणाच्या घरी असे फोटो असतील तर लॅमिनेशन करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मागं पेन्सिलीनं नाव लिहा. पेनानं नको, शाई पुढं उमटते.